घरातल्याच माणसांची रहस्यं: दिवाळी ते मिरग, आमच्या ग्रंथालयाचा अनुभव

दिवाळी अंकांची गर्दी ओसरली तेव्हा ग्रंथालयातला एक कप्पा मी मोकळा केला आणि त्यात फक्त एका प्रकारची पुस्तकं लावली: घरगुती थ्रिलर. ज्यात चोर बाहेरून येत नाही, अशी. नवरा, बायको, सासू, सख्खा भाऊ, यांच्यापैकीच कोणीतरी खोटं बोलत असतं, आणि कधी कधी तर आपल्याला गोष्ट सांगणारं माणूसच खोटं बोलत असतं. आता मिरग तोंडावर आला आहे, बियाण्याच्या पिशव्या घरोघरी येऊन पडल्या आहेत आणि पुढचे काही आठवडे इथे कोणी फिरकणार नाही. म्हणून एवढ्या महिन्यांत या पुस्तकांनी काय दिलं आणि काय नाही दिलं, ते लिहून ठेवते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात. ग्रंथालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या उतरंडीत सगळ्यात खालचं. पुस्तक निवडताना प्रत्येक रुपयाचा विचार करावा लागतो. मराठी आणि भाषांतरित पुस्तकं वाचक घरी नेतात. इंग्रजी असतील ती मी आधी वाचते आणि शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या बायकांना मराठीत सांगते, थोडं थोडं करून. कापूस वेचणीच्या दिवसांत हा शनिवार बारगळतो. संक्रांतीनंतर पुन्हा बसतो.

आधी निकाल. या प्रकाराला मी पाचपैकी चार गुण देईन, आणि कप्पा पुढेही ठेवणार आहे. पण त्यातली निम्मी पुस्तकं एकदा वाचून संपतात. माझी कसोटी एकच: शेवट कळल्यावर पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचवतं का? ज्यात शेवटच्या वीस पानांसाठीच आधीची तीनशे पानं लिहिली आहेत, ते दुसऱ्यांदा हातात धरवत नाही. ज्यात घर खरं असतं, ते दुसऱ्यांदा वाचताना जास्त भीती घालतं, कारण आता कोण काय लपवतंय हे आपल्याला माहीत असतं आणि जेवायला वाढताना, पाणी देताना ते माणूस कसं वागतं ते दिसू लागतं.

या कसोटीला सगळ्यात उतरलेलं पुस्तक जुनं निघालं. दाफ्ने द्यु मोरियेची ‘रेबेका’, १९३८ सालची. एक साधी, गरीब मुलगी श्रीमंत बिजवराची बायको होऊन मोठ्या वाड्यात येते. पहिली बायको वारलेली आहे, पण तिची खोली, तिचे कपडे, तिचं लिहायचं टेबल, सगळं जसंच्या तसं जपलेलं. घर सांभाळणारी मिसेस डॅन्व्हर्स नव्या सुनेला पावलोपावली पहिलीची आठवण करून देते. गोष्ट नवी बायको सांगते आणि अख्ख्या कादंबरीत तिचं स्वतःचं नाव कुठेच येत नाही. हे मी सांगितलं तेव्हा आमच्या बायका एकदम गप्प झाल्या. दुसरेपणावर दिलेली बाई आमच्याकडे पहिलीचा चांदीचा टाक, म्हणजे तिच्या नावाची कोरीव प्रतिमा, गळ्यात घालते, सणावाराला आधी तिची पूजा करते. शनिवारच्या बैठकीतली एक मावशी म्हणाली, “हिच्या गळ्यात टाक नाही बांधला व, त्या अख्ख्या वाड्याचाच टाक करून ठेवला.” कादंबरीबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. ती मावशी चौथी शिकलेली आहे.

त्याच १९३८ साली इंग्लंडमध्ये पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे नाटक आलं. १९४४ साली त्यावर निघालेला इनग्रिड बर्गमनचा चित्रपट जास्त लोकांना माहीत असेल. नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि बायकोला सांगतो की तूच हरवल्यास. गॅसचा दिवा मंद होतो, तिला दिसतं, नवरा म्हणतो तुला भास होतो. हळूहळू तिचा स्वतःवरचा विश्वास उडतो. हे कादंबऱ्यांच्या कप्प्यात बसत नाही, पण आज निघणाऱ्या या जातीच्या कितीतरी पुस्तकांची मुळं इथे आहेत, म्हणून मी एका शनिवारी ते सांगितलं. चर्चा अंधार पडला तरी संपेना. बाई खरं बोलत असली की तिला वेडी ठरवायचं, हे इथे कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही. फक्त आमच्याकडे दिव्याची गरज पडत नाही. ‘बाहेरचं लागलं’ एवढं म्हटलं की पुरे. मग तिचं बोलणं तिचं राहत नाही, तिला धुपारतीला बसवलं जातं, कोणा बाबाकडे नेलं जातं. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण घरातल्या घरात कुजबुजत दिलेलं हे नाव कोणत्याही पोलीस ठाण्यापर्यंत जात नाही. अशा पुस्तकाचं मोल मला त्या संध्याकाळी कळलं. एका सुनेनं निघताना फक्त विचारलं, “ताई, थे बाई वाचते न शेवटी?” मी हो म्हटलं. तिला तेवढंच हवं होतं.

आता ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं झाली ते. जिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’, २०१२. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको नाहीशी होते. एक प्रकरण नवऱ्याचं, एक बायकोच्या डायरीचं, असं आलटून पालटून चालतं आणि वाचणाऱ्याचा संशय इकडून तिकडे हेलकावत राहतो. पुढचं सांगत नाही. गोष्ट अमेरिकेतली, पण तिचा पाया आमच्या ओळखीचा आहे: दोघांच्या नोकऱ्या जातात, नवऱ्याची आई आजारी पडते, म्हणून मोठ्या शहरातलं बिऱ्हाड मोडून ते नवऱ्याच्या गावी परततात. त्या गावात बायकोचं कोणी नसतं. टाळेबंदीत पुण्याहून परतलेली जोडपी आमच्याही गावात आहेत. त्यातली एक सून म्हणाली, “ताई, हे बाई खोटं बोलून राह्यली, पन मले तिचीच बाजू घ्यावी वाटते.” निवृत्त गुरुजींनी मात्र पुस्तक परत करताना टेबलावर जरा जोरातच ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं की दोन्ही माणसं वाईट असतील तर वाचणाऱ्याने उभं कुठे राहायचं? मला त्यांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, पण उत्तर पटत नाही. उभं राहायला जागा न देणं हेच त्या पुस्तकाचं काम आहे. नवरा-बायको एकमेकांसमोर किती वर्षं नाटक करू शकतात हे दाखवायचं, तर लेखिकेला एकाची बाजू घेऊन चालत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा आक्षेप वेगळा. “पोलीस पयल्याच दिवशी मोबाइलचं लोकेशन काढतीन न ताई, कादंबरी तिथंच सरते.” त्यांना तपास हवा असतो, अर्नाळकरांच्या कथांसारखा वेगवान. या पुस्तकांत तपास सावकाश असतो आणि बऱ्याचदा चुकीच्या दिशेने जातो. ज्यांना धावपळ आवडते त्यांना मी आता ही पुस्तकं देत नाही.

पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) आमच्याकडे वेगळ्याच कारणाने लक्षात राहिली. तीन बायका गोष्ट सांगतात, त्यातली मुख्य दारू पिणारी. एका महत्त्वाच्या रात्रीचं तिला काही आठवत नाही आणि त्या रिकाम्या जागेत कोण काय भरतं, यावर सगळी गोष्ट उभी आहे. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. तरी दारू घराघराला ठाऊक आहे, मोहाचीही आणि बाहेरून येणारीही. पण पिणारा पुरुष आणि सकाळी सगळं आठवणारी बायको, हीच जोडी आम्ही पाहिलेली. इथे उलटं आहे. काही बायकांना ती आवडलीच नाही, “असं कुठं असते का” म्हणून उठून गेल्या. बाकीच्यांनी मात्र एक गोष्ट बरोबर पकडली: ज्याला आठवत नाही त्याला काल काय झालं ते सांगणारा माणूस मालक होतो. हे पुस्तक मधे थोडं रेंगाळतं, आणि ऐकताना तीन बायकांच्या तारखा डोक्यात बसत नाहीत. वाचायला घ्यावं.

ऐकण्यावरून सांगते. वेचणीला जाणाऱ्या तरुण मुली कानात हेडफोन घालून पुस्तकं ऐकतात, आणि हरभऱ्याच्या जागलीवर बसणारे पुरुषही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हाकलायला रात्रभर जागायचं असतं, तेव्हा सोबत म्हणून कोणाचा तरी आवाज बरा वाटतो. चांगला वाचक असेल तर आवाजातलं खोटं अंगावर येतं, कागदावर तेवढं येत नाही. पण या प्रकारात मागे जाऊन पडताळावं लागतं. आधी तिने काय म्हटलं होतं, खिडकी उघडी होती की बंद. पुस्तकात बोट घालून ठेवता येतं, आवाजात ते होत नाही. म्हणून माझा सल्ला, कोणाला ऐकायचंच असेल तर एकाच माणसाने सांगितलेली, एकाच काळात घडणारी गोष्ट निवडावी.

दोन गोष्टी मला खटकतात. पहिली, शेवटी सगळ्याचं कारण ‘वेड’ निघणं. खून का केला, तर डोक्यावर परिणाम होता. एवढी पानं माणसांच्या मनात शिरून शेवटी एका आजाराचं नाव फेकायचं, हा आळस आहे आणि अन्यायही आहे. आमच्या वाचकांत मनाच्या आजारावर गोळ्या चालू असलेली माणसं आहेत. नियमित दवाखान्यात जाणारी, शेती करणारी, पोरं शिकवणारी. त्यातल्या एकाने असं पुस्तक अर्ध्यात परत केलं आणि काही बोलला नाही. तसली पुस्तकं मी कप्प्यातून काढली.

दुसरी गोष्ट सगळ्या कप्प्याबद्दल आहे. या कादंबऱ्यांत गुपित म्हणजे कोणालाच माहीत नसलेली गोष्ट. शेजारी दूर राहतात, घरं एकटी असतात, सत्य तळघरात नाहीतर जुन्या पत्रात सापडतं. आमच्याकडचं गुपित अख्ख्या गावाला माहीत असतं आणि तरी कोणी बोलत नाही. फसवणूक तिथे, त्या न बोलण्यात आहे. बैठकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीने हे एका वाक्यात सांगितलं: “खून कायले पायजे व? बहिणीची सही घेतली का झालं.” हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. त्यानंतर कितीतरी घरांत बाप गेल्यावर बहिणीला माहेरपणाला बोलावतात, साडीचोळी करतात, आणि सोबत हक्कसोडपत्र पुढे सरकवतात. बहिणीला समजतं. भावाला समजतं की तिला समजलं. पुढच्या राखीला ती ओवाळायला येतेच. त्या ताटाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांच्या मनात काय चाललं असेल, यावर तीनशे पानं लिहिता येतील आणि रक्ताचा एक थेंब सांडावा लागणार नाही. तसंच कर्जाचं. कर्ता माणूस बँकेचं सांगतो, सावकाराचं सांगत नाही. त्याच्या माघारी बायकोपुढे एकेक चिठ्ठी येते, आणि ज्याच्याशी संसार केला तो माणूस तिला पहिल्यांदा कळू लागतो. विदर्भात हे घडतं आहे, पण या जातीची कादंबरी म्हणून लिहिलेलं माझ्या हाती अजून आलेलं नाही.

जवळ जाणारं एक आहे, पण ते नाटक आहे. महेश एळकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’, १९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलेलं. एळकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, म्हणून त्यातली माणसं आमच्यासारखीच बोलतात. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, वडील वारलेले, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि काही उरलेलं नसताना आब राखायची सगळ्यांची धडपड. दागिन्यांची पेटी ज्या घरात एवढी जपून ठेवतात तिथे ती कोणापासून जपायची, हा प्रश्न तिथेही आहे. ते थ्रिलर नाही, कोणी त्याला तसं म्हणूही नये. पण मी कप्प्यात ते ‘रेबेका’च्या शेजारी ठेवलं आहे, आणि जो एक नेतो तो पुढच्या वेळी दुसरं मागतो. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे त्याचे पुढचे भागही लावले आहेत.

कोणाला अशी पुस्तकं गावच्या ग्रंथालयात आणायची असतील तर दोन-तीन बारीक गोष्टी. परत आलेल्या पुस्तकाचं पहिलं पान तपासा. आमच्याकडे एकाने पेन्सिलने गुन्हेगाराचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि त्यानंतर नेलेल्या चार जणांची मजा गेली. शाळकरी मुलींना काही पुस्तकं देऊ नका, गुरुजींचं हे म्हणणं मी मान्य केलं आहे. त्यांच्यासाठी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आहेत, त्यातली भीती निराळी आणि भाषा फार सुंदर. आणि ज्या घरात नुकतं काही घडलं असेल, वाटणीचा वाद किंवा अचानक मरण, तिथल्या माणसाला हे पुस्तक आपणहून सुचवू नका. त्याने मागितलं तर द्या.

पुढच्या अनुदानातून ‘रेबेका’ची आणखी एक प्रत घ्यायची आहे. आत्ताची प्रत जागलीच्या मचाणावरून आणि वेचणीच्या ओट्यांतून फिरून पार खिळखिळी झाली आहे, आणि पोळ्यापर्यंतचे नंबर आधीच लागलेत.