गादीखालचा सेन्सर: आमच्या वृद्धनिवासातले आठ महिने

पुण्यात ३२ आजी-आजोबांच्या एका निवासात मी इन्चार्ज सिस्टर आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही १२ खाटांच्या गादीखाली सेन्सरच्या पट्ट्या बसवल्या. असं काही घ्यायचा विचार करणाऱ्या निवासांसाठी, आणि ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी राहतात त्यांच्यासाठीही, हा अनुभव लिहिते आहे.

आमच्या रात्रपाळीला एक ब्रदर आणि दोन मावश्या असतात. झोपून असलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बघायचा, रजिस्टरवर सही करायची. एका खोलीत मावशी आजींना सावरत असते, तेव्हा पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला कोण उठून बसलंय हे तिला कळायला मार्ग नसतो. पडायचे प्रकार बहुतेक अशाच वेळी व्हायचे, आणि सकाळी नातेवाइकांसमोर मान खाली घालून उभी राहायची ती मावशीच. मला ते बघवत नव्हतं.

कॅमेरा नको हे पहिल्या दिवशीच ठरलं. अंग पुसणं, कपडे बदलणं सगळं खोलीतच चालतं. या पट्टीला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. हृदयाच्या ठोक्यागणिक शरीराला बसणारा बारीक हादरा आणि श्वासाची हालचाल ती टिपते. माणूस उठला की डेस्कवरच्या टॅबवर आणि मावशीच्या मोबाइलवर सूचना येते. बीपी, ताप, साखर तिला कळत नाही, ते हातानेच मोजायचं. एका निवृत्त मास्तरांनी "माझ्या गादीखाली काही नको" असं सांगितलं. त्यांची पट्टी त्याच दिवशी काढली.

पहिला महिना फार वाईट गेला. कोणी नुसती कूस वळवली तरी बेल. आठवड्याभरात मावश्या आवाज बंद करून फोन खिशात टाकायला लागल्या, आणि त्याबद्दल मी त्यांना बोलले नाही. अलार्मचा असा भडिमार झाला की माणसाचं लक्षच उडतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये रुग्णालयांना नेमका याचाच इशारा दिला होता. शेवटी कंपनीच्या मुलाला दोन दिवस बसवून एकेका खाटेची सेटिंग बदलून घेतली. जे स्वतः नीट चालतात त्यांची बेल बंद. ज्यांचा तोल जातो त्यांची बेल 'खाट सोडली' ऐवजी 'उठून बसले' यावरच, कारण खाट सोडल्यावर बेल वाजून उपयोग नसतो, मावशी पोचेपर्यंत माणूस खाली असतो. झोपून असलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून दिलेल्या हवेच्या गादीच्या (एअर बेड) पंपामुळे आकडे भरकटायचे, म्हणून तिथल्या पट्ट्या काढून दुसरीकडे लावल्या. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ही सोय नाही. हे घेण्याआधी आम्हाला सांगायला हवं होतं.

त्यानंतर मात्र खरा उपयोग दिसायला लागला. स्मृतिभ्रंश असलेल्या एक आजी रात्री उठून दाराकडे जायच्या. दोनदा पडल्या होत्या. आलेखावर दिसलं की त्या रोज पावणेचारच्या सुमारास उठून बसतात. मुलीला विचारलं तर म्हणाली, "वाड्यात चार वाजता नळाला पाणी यायचं. आई आयुष्यभर त्याच वेळी उठली." आता मावशी साडेतीनलाच त्यांच्याकडे जाते, बाथरूमला नेते, मग पाण्याचा तांब्या हातात देते. आजी तो दोन्ही हातांनी धरून बसतात, "भरलं का गं सगळं?" विचारतात, आणि "भरलं आजी" म्हटलं की आडव्या होतात. त्या पुन्हा पडलेल्या नाहीत.

दुसरं एका आजोबांचं. झोपेत त्यांचा श्वास मिनिटाला १६-१७ असायचा, तो लागोपाठ दोन रात्री २४ च्या वर गेला. ताप नव्हता, खोकला नव्हता. तरी ब्रदरने डॉक्टरांना कळवलं. छातीत संसर्ग निघाला, आणि ॲडमिट न करता औषधावर भागलं.

पण एक रात्र मी विसरणार नाही. पावसात वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे चालू राहिले, पण इंटरनेट बंद पडलं. टॅबवर मात्र शेवटचे आकडे हिरव्या रंगात तसेच दिसत राहिले. सगळे झोपलेत असं मावशीला वाटलं. खरं तर एक आजोबा बाथरूमच्या दारात पडले होते. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. तेव्हापासून दोन तासांचा राउंड कुठल्याही कारणाने टळत नाही, आणि राउटरला स्वतंत्र बॅटरी आहे.

नातेवाइकांना थेट ॲप देऊ नका, हे मी कळकळीने सांगते. आपल्या रात्री दोनला न्यू जर्सीत दुपार असते. झोपेत आईचे ठोके ५४ दिसले की मुलगा घाबरून फोन करतो, आणि फोन घ्यायला मावशीला कोणाला तरी अर्धवट सोडून यावं लागतं. झोपेत ठोके कमी होतातच. आता आम्ही ॲप बंद करून दर रविवारी स्वतः फोन करतो. मुलांची काळजी खरी आहे, तिला माणसाच्या आवाजातच उत्तर मिळायला हवं.

सगळ्यात अवघड प्रसंग विश्वस्तांच्या बैठकीत आला. "आता रात्री एक मावशी कमी केली तर?" मी रजिस्टर उघडून दाखवलं. बेल वाजल्यावर आजींना धरायला हातच लागतात, आणि पट्टी काही डायपर बदलत नाही. राउंडच्या मधल्या ज्या फेऱ्या वाचल्या, त्यांचा वेळ मावश्या आता पाठीला तेल लावायला, पाणी पाजायला देतात. चार महिन्यांत नवीन बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) झालेलं नाही. त्याचं श्रेय मी पट्टीला देणार नाही, त्या दोघींच्या हातांना देईन. दोघीही कामावर आहेत.

पुढच्या महिन्यात करार नव्याने करायचा आहे. आम्ही करणार आहोत, पण मागण्या लेखी दिल्या आहेत. पहिली मागणी ही की संपर्क तुटला की पडदा राखाडी व्हावा आणि मोठ्याने आवाज व्हावा. दुसरी ही की सूचना मराठीत याव्यात, कारण आमच्या एका मावशीला इंग्रजी वाचता येत नाही आणि रात्री दोनला तिला रंग बघून अंदाज बांधावा लागतो.