बर्फातली पहिली चढाई: बेन नेव्हिस की केर्नगॉर्म?

लंडनच्या युस्टनहून रात्री निघणाऱ्या कॅलेडोनियन स्लीपरचे डबे एडिंबरापाशी वेगळे होतात. काही बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या फोर्ट विल्यमला जातात, काही केर्नगॉर्मच्या डोंगरांजवळच्या एव्हीमोरवरून इन्व्हर्नेसला. इकडच्या आपल्या ट्रेकर मंडळींना स्कॉटलंडच्या हिवाळ्यात पहिली चढाई कुठे करायची हा प्रश्न पडतो, तेव्हा तो खरं तर कुठल्या डब्यात बसायचं एवढाच असतो. मी दोन्हींत बसलोय. जास्त वेळा कुठल्या, ते पुढे कळेलच.

क्रॅम्पॉन (बुटांखालचे खिळे) कसे बांधायचे, अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) कशी धरायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. आणि बोलतोय ते ग्रेड एक-दोनच्या, म्हणजे हिवाळी चढाईतल्या सगळ्यात सोप्या श्रेणींच्या, घळी आणि धारांपुरतंच. त्यापुढचं सांगण्याची माझी पात्रता नाही.

देखणेपणात बेन नेव्हिसला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. उंची १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरने कमी. पण या आकड्यावर जाऊ नका. उत्तरेचा कडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कोकणकडा आठवला. फरक इतकाच की कोकणकडा आपण माथ्यावर पालथं पडून बघतो आणि हा खालून, मान मोडेपर्यंत. पश्चिमेकडची हवा दमट, त्यामुळे बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि मार्चपर्यंत असा घट्ट होतो की अॅक्सचं टोक एका फटक्यात ‘थक्’ करून बसतं. तो आवाज एकदा ऐकला की केर्नगॉर्मचा भुसभुशीत बर्फ अळणी वाटतो. निदान मला तरी वाटला.

आता धोक्याचं. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्य वारा इथे हिवाळ्यात वेगळंच काम करतो. पठारावरचा बर्फ ढकलत नेऊन ईशान्येच्या कड्याखाली रचतो. नेव्हिसच्या घळी काय किंवा केर्नगॉर्मच्या उत्तरेकडच्या कोरी (डोंगराच्या कुशीतले वाडग्यासारखे खळगे) काय, दोन्ही नेमक्या त्याच बाजूला. वाऱ्याने रचलेला हा थर खालच्या थराला धड चिकटलेला नसतो. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा कसा नुसत्या बोटाने सुटून येतो, तसा. स्कॉटिश अॅव्हलान्श इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज रोज संध्याकाळी येतो. त्यातलं दिशा आणि उंचीचं रंगीत चक्र दोन्हीकडे सारख्याच काळजीने वाचायचं असतं. तेव्हा हिमस्खलनाचा धोका तराजूत टाकला तर पारडी बरोबरीची, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडे.

नेव्हिसच्या नॉर्थ फेसची, म्हणजे त्या उत्तरेच्या कड्याची, गाडी लावायची जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर. तिथून कड्याखालची सीआयसी हट, म्हणजे गिर्यारोहकांची झोपडी, ६८० मीटरवर. पाठीवर दोर, अंगात घाम, आणि दोन-अडीच तास नुसतं चालणं. घळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तीन तास सहज जातात. आणि बर्फ कसा आहे ते खरं कळतं तिथेच. मी पहिल्यांदा गेलो ते पहाटे चारला उठून. तोंडाशी पोचलो तर ताजा, मऊ, खडूसारखा निस्तेज बर्फ. पाय टाकला की खाली दबका ‘धप्प’. जोडीदार म्हणाला, ‘‘आता इतकं चालून आलोच आहोत तर पन्नास पावलं जाऊन बघू.’’ मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. पन्नास झाली नसतील, माझ्या डाव्या बुटापासून एक बारीक रेघ निघाली आणि कागद फाटावा तशी पुढे सरकत गेली. दोन हात लांब, बस. थर तुटला नाही. आम्ही आपल्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत, एक शब्द न बोलता उतरलो.

त्या दिवशी सोपा पर्याय म्हणून त्याच कड्यावरची लेज रूट ही वाट डोक्यात होती. पण तिची सुरुवातच पाच नंबरच्या घळीतून. याच घळीत मार्च २०१९ मध्ये हिमस्खलनात तिघे गेले. म्हणजे अंदाज बिघडला की सोपी वाटही अवघड वाटेच्याच दारातून जाते. परत फिरायचं, तर तीन तासांचं चालणं पाण्यात. त्या चिडचिडीत माणूस काय ठरवेल याचा भरवसा नाही. माझा तरी मला राहिला नाही.

केर्नगॉर्मला गाडी स्की सेंटरपर्यंत, सव्वासहाशे मीटरवर जाते. तिथून कोरी अन ट्रेख्क (नावात ‘स’ लिहितात, पण गेलिक उच्चार असाच काहीसा; अर्थ बर्फाची कोरी) तास-सव्वा तासावर. तिथेही मी तोंडाशी जाऊन माघारी फिरलोय, दोनदा. एकदा शेजारच्या फियाकलच्या धारेवर गेलो, कारण धार तशी वाऱ्याने झाडलेली आणि डोक्यावर लोंबणारं काही नाही. एकदा सरळ कॅफेत जाऊन सूप प्यायलो. दोन्ही दिवशी वाईट वाटलं नाही, कारण गेलं काय, तर एक तास.

तिथे त्रास नाहीत असं नाही. शनिवारी घळीत अक्षरशः रांग लागते. वारा असा की चेहरा सोलून निघावा. माथ्यावर २० मार्च १९८६ ला ताशी १७३ मैलांची नोंद झालेली आहे. पुष्कळदा बर्फ-वाऱ्यामुळे स्की सेंटरच्या रस्त्यावरचं खालचं फाटकच बंद, मग आपण खाली ग्लेनमोरला गाडीत बसून चिवडा खात राहायचं. आणि वरचं पठार. नेव्हिसच्या माथ्यावरून ढगात उतरायला होकायंत्रावर आधी २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश, एवढे दोन आकडे तरी पाठ करता येतात. केर्नगॉर्मच्या पठारावर आभाळ आणि जमीन एकच पांढरी झाली की पाठांतर उपयोगाचं नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिथे पाच शाळकरी मुलं आणि एक प्रशिक्षक गारठून गेले. हिमस्खलनही काही तिथे वर्ज्य नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये चालामेन गॅपमध्ये तिघे गेले, आणि ती तर चढाईची जागाही नव्हे.

तुमचे गुडघे तरुण असतील, हटमध्ये मुक्कामाची सोय होत असेल, तर माझा हिशोब तुम्हाला लागू होणार नाही कदाचित. तीन तासांचा प्रश्नच मग मिटतो. पण दोनच दिवसांची रजा आणि पहिलाच हिवाळा असेल, तर मी एव्हीमोरचं तिकीट काढीन. चढाई मार्गदर्शकासोबत असो वा मित्रासोबत.

नेव्हिस मार्चअखेरीसाठी ठेवा. वारा पडलेला आहे, रात्री गोठतंय आणि अंदाजाचं चक्र चार दिवस सलग हिरवं दिसतंय, असा आठवडा आला की मला फोन करा. चारचा गजर मीच लावतो.