डेबियन १२, ३२-बिट: वाचनालयाच्या जुन्या नेटबुकवर पावणेदोन वर्षं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ‘ड’ वर्गाचं वाचनालय, त्यामुळे संगणकासाठी वेगळा पैसा कधी निघत नाही. टेबलावर आहे ते नेटबुक गावातून पुण्याला नोकरीला गेलेल्या एका मुलानं २०१९ मध्ये देऊन टाकलेलं. दहा इंची पडदा, इंटेलचा ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम. हा प्रोसेसर २००८ चा आणि पक्का ३२-बिट, म्हणजे जुन्या घडणीचा, त्याला ६४-बिट कळतच नाही. माझी दाखल रजिस्टरची यादी, वर्गणीचा हिशोब आणि पोट्ट्यांच्या स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफ, सगळं याच्यावर चालतं. मे २०२४ पासून त्यावर डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली आहे. हा अनुभव त्याचाच, आणि त्यातही त्याच्या पॅकेजच्या (म्हणजे बांधून ठेवलेल्या प्रोग्रामच्या) कोठाराचा, म्हणजे रिपॉझिटरीचा. जुन्या मशीनचा जीव तिथेच अडकतो.

नेटबुक आलं तेव्हा त्यावर दुसरं एक लिनक्स होतं, ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीचं. त्या आवृत्तीला सपोर्टच नऊ महिन्यांचा. मराठी टंकलेखनासाठी काही टाकायला गेलं की ‘४०४ नॉट फाउंड’ आणि खाली ‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाईल’. तालुक्याच्या मोबाईल दुकानातल्या भाऊला दाखवलं. तो म्हणाला, “ताई, कायले जीव लावता याले? भंगारात द्या न.” मी घरी येऊन तो एरर एकेक शब्द लावून वाचला. त्यात मशीन खराब आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. या पत्त्यावर पॅकेजचं रजिस्टर सापडत नाही, एवढंच ते सांगत होतं. सपोर्ट संपला की जुनी आवृत्ती नेहमीच्या सर्व्हरवरून काढून जुन्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ या फाईलमध्ये तो पत्ता टाकला आणि पॅकेज उतरायला लागली. पण तिथे सुरक्षेची दुरुस्ती २०१९ मध्येच थांबलेली. लोकांचे आधार क्रमांक, फोन नंबर ज्या मशीनवर आहेत ते असं किती दिवस चालवायचं? म्हणून डेबियन.

डेबियन १२ आलं १० जून २०२३ ला. नाव बुकवर्म. कोठारात ६४,४१९ पॅकेजेस आणि ३२-बिटसाठी इन्स्टॉलर असलेली ही शेवटची आवृत्ती. डीव्हीडी आकाराची पहिली फाईल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते आणि तेवढ्यातच डेस्कटॉप, लिब्रे ऑफिस सगळं येतं. आमच्याकडे नेटचा काय भरवसा, म्हणून नेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर मी घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका. डेस्कटॉप एलएक्सडीई निवडला. नागपूरला सीताबर्डीहून जुनी २ जीबीची डीडीआर२ पट्टी ३५० रुपयांत आणून बसवली. या चिपसेटला त्याहून जास्त रॅम चालत नाही.

वायफायपाशी एक दिवस गेला. कार्ड ब्रॉडकॉमचं. डेबियन १२ पासून बरंचसं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालायला लागणारा प्रोग्राम, इन्स्टॉलरमध्येच येतं, पण या कार्डाचं वाटण्याची परवानगी नसल्यामुळे ते नेटवरूनच उतरवावं लागतं. म्हणजे नेट चालू करायला नेट पाहिजे. फोन यूएसबी केबलनं जोडून त्याचं नेट नेटबुकला दिलं, म्हणजे टेदरिंग केलं, यादीत ‘कॉन्ट्रिब’ हा विभाग जोडला, ‘फर्मवेअर बी४३ इन्स्टॉलर’ टाकलं, झालं. लोहित देवनागरी फॉन्ट, मराठी टंकनासाठी आयबस आणि लिब्रे ऑफिसचा मराठी चेहरा एका दमात आले. वाचनालयात येणाऱ्या एका आजोबांनी पडद्यावर ‘फाईल’, ‘संपादन’ असं मराठीत वाचलं आणि खुर्ची ओढून पुढे बसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते स्वतःच्या आठवणी टाइप करतात.

ज्या बिघाडानं मला सगळ्यात जास्त छळलं तो आता सांगते, कारण तो जुन्या मशीनवर प्रत्येकाला भेटणारच.

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालय बंद होतं, नंतर कापूस वेचणीत माझाच पाय तिकडे वळला नाही. महिना-दीड महिना नेटबुक कपाटात. उघडलं, फोनचा हॉटस्पॉट लावला आणि लगेच ‘एपीटी अपडेट’ दिलं, म्हणजे कोठारातून पॅकेजच्या ताज्या याद्या आणायची कमांड. मुख्य यादी आली, पण सुरक्षेच्या यादीवर अडकलं: ‘रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट’, आणखी ४३ दिवस ती वैध नाही. मला वाटलं सर्व्हरवर काही घोळ झाला. दुसरा आरसा, म्हणजे मिरर (त्याच कोठाराची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) लावून पाहिला. तेच. पत्ता बदलला, तेच. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी शेजारचा नववीतला पोट्टा कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाला, “ताई, याची तारीख तं मांगचीच हाय.”

तारीख दिवाळीआधीचीच होती. मशीन ज्या दिवशी बंद केलं तिथेच थांबलेलं. मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवणारा जो चपटा सेल असतो तो मेला होता. मग डेबियन शेवटची ठाऊक असलेली वेळ धरून पुढे चालतं आणि नेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतं. आमच्या एका दांडीच्या रेंजमध्ये त्या विचारण्याला उत्तरच येत नव्हतं. आता रिलीज फाईल म्हणजे काय? माझ्या भाषेत सही-शिक्क्याचं दाखल रजिस्टर. कोणत्या यादीचा ठसा काय, रजिस्टर कोणत्या तारखेचं, सगळं त्यात. माझ्या टेबलावर कोणी पुढच्या महिन्याच्या तारखेची पावती आणून ठेवली तर मी ती घेणार नाही. एपीटीनंही घेतली नाही. त्याचं बरोबर होतं. कोणी मध्येच खोटी यादी सरकवू नये म्हणूनच ही तपासणी आहे.

हातानं तारीख टाकली आणि पुढच्या मिनिटाला अपडेट सुरू झालं. पण सेल बदलल्याशिवाय हे परत होणार होतं. बाजाराच्या दिवशी घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकाजींकडे गेले. त्यांनी मागचे स्क्रू काढून रिकाम्या पानाच्या डबीत ठेवले, काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली, दोन वायरींची चकती बाहेर काढली आणि मीटर लावला. “जीवच नाही बाई याच्यात.” नवा सेल तीस रुपयांचा, सीआर२०३२. पण वायर थेट सेलला डाखायची नाही, सेल तापून फुटतो. काकाजींनी एका मेलेल्या मदरबोर्डवरचा सेलचा खोबणा काढला, वायरी त्याला जोडल्या, सेल आत दाबला आणि सगळं चिकटपट्टीनं बंद केलं. मजुरी घ्या म्हटलं तर म्हणाले, आमच्या नातीले पुस्तकं देता ते काय कमी हाय. त्यानंतर तारीख एकदाही मागे गेली नाही.

नेटवर काही जण असा एरर आला की तारखेची तपासणीच बंद करा असं सांगतात. चालू आवृत्तीवर तसं करू नका. ती सोय वापरायची जागा एकच, आर्काइव्हमधल्या जुन्या आवृत्त्या. तिथल्या काही याद्यांची मुदत उलटून गेलेली असते आणि ती नवी करायला कोणी बसलेलं नसतं.

दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२५ ची. ९ तारखेला डेबियन १३ आलं आणि त्यातून ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) दोन्ही गेले. ३२-बिट पॅकेजेस आहेत, पण ती ६४-बिट प्रोसेसरवर जुने प्रोग्राम चालवायला. माझ्या नेटबुकवर अपडेट देताच सूचना आली, की कोठाराचं ‘सूट’ हे लेबल ‘स्टेबल’चं ‘ओल्डस्टेबल’ झालं. माझ्या फाईलमध्ये ‘बुकवर्म’ असं नाव लिहिलेलं होतं. नाव तेच, फक्त आता ती जुनी आवृत्ती झाली. काही विचारलं नाही, काम पुढे सुरू.

शेजारच्या गावच्या शाळेतही असंच नेटबुक आहे, मीच त्याच पेनड्राइव्हवरून करून दिलेलं. तिथे कोणीतरी यादीत ‘बुकवर्म’ खोडून ‘स्टेबल’ लिहिलं होतं. आता स्टेबल म्हणजे १३. त्यांनाही सूचना आली, पण ती नाव बदलल्याची, बुकवर्मचं ट्रिक्सी (हे १३ चं नाव) झाल्याची, आणि मान्य आहे का असं विचारणारी. गुरुजींनी होय म्हटलं, अपग्रेडही दिलं आणि १३ ची पॅकेजेस या ३२-बिट मशीनवर उतरायला लागली. अर्ध्यात लाईन गेली, बॅटरी तर कधीचीच मेलेली. अर्धं बारा, अर्धं तेरा. डेबियनमध्ये मागे यायला अधिकृत रस्ता नाही. मुलांची कामं पेनड्राइव्हवर काढून घेतली आणि सगळं नव्यानं टाकलं, चार तास गेले. म्हणून कळकळीनं सांगते, ३२-बिट मशीनवर यादीत ‘बुकवर्म’ हेच नाव ठेवा. बाकी काही विसरलात तरी चालेल.

नेट अजिबात नसेल तर ‘एपीटी-ऑफलाइन’ नावाचं पॅकेज आहे. काय काय हवं त्याची चिठ्ठी ते एका फाईलमध्ये करून देतं. ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला जायचं, नेट असलेल्या मशीनवर त्याच प्रोग्रामनं सामान उतरवायचं आणि घरी येऊन टाकायचं. जुलै-ऑगस्टात आमच्या नाल्याला पूर आला की टॉवर आठ-आठ दिवस बंद असतो, तेव्हा मी हेच करते.

आता काय जमत नाही. व्हिडिओ जमत नाही, मुलांना मी आधीच सांगते. फायरफॉक्सचे तीन टॅब उघडले की मशीन दमतं. क्रोमनं ३२-बिट लिनक्स मार्च २०१६ मध्येच सोडलं, आणि मोझिलानंही १४४ नंतरच्या फायरफॉक्समध्ये ते बंद केलंय, दीर्घ सपोर्टची १४० तेवढी सध्या चालते. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार मी नेटबुक लावतच नाही, पत्र्याखाली पंखा नुसता ओरडतो. आणि डेबियनची मराठीत मदत मला सापडली नाही, इंग्रजीच वाचावी लागते. हे मला खरंच लागतं, कारण एरर वाचता आला तर निम्मं काम तिथेच होतं, आणि आमच्या मुलांना तो वाचताच येत नाही. भिंतीवर मी पाच एररचे मराठी अर्थ मोठ्या अक्षरात लिहून लावलेत.

तुमचं मशीन जुनं आहे म्हणजे ३२-बिटच असेल असं धरून चालू नका. कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे, एन४५० हा ॲटमसुद्धा. ‘एलएससीपीयू’ ही कमांड देऊन पहिल्या ओळींत ६४-बिट दिसलं तर सरळ डेबियन १३ घ्या. एन२७० वाल्यांना मात्र १२ हाच रस्ता. त्याची इन्स्टॉलर फाईल आता डेबियनच्या सीडी-इमेजच्या आर्काइव्ह विभागात मिळते. नियमित सपोर्ट जून २०२६ पर्यंत, पुढचं दीर्घ सपोर्टचं काम वेगळी टीम बघते.

पाच पैकी साडेचार. अर्धा तुकडा मराठी मदत नाही म्हणून कापला. आमच्या भागात कुठल्या वाचनालयात असं नेटबुक धूळ खात असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन या. सोमवारी आमची सुट्टी असते, बाकी रोज संध्याकाळी पाच ते आठ मी असते. आणि येताना तो चपटा सेल बाजारातून घेऊन या.