साडेसोळा हजारांचा ट्रेनर आणि दीड मिलिमीटरचा आटा: पाच महिन्यांच्या वापरानंतर

सायकल घरात एका जागी चालवण्याच्या या ट्रेनरविषयी मी डिसेंबरातच लिहिणार होतो, आणि तेव्हा लिहिले असते तर त्यात तक्रारीशिवाय काहीही आले नसते. जानेवारीत माझे मत बदलले म्हणून लिहिणे राहिले. फेब्रुवारीच्या मध्यावर रोलरमागच्या डब्यातून तेल गळून सपरीच्या फरशीवर वीतभर डाग पडला, आणि त्यानंतर दुकानदाराशी जो पत्रव्यवहार करावा लागला त्यामुळे आता लिहिणे भाग आहे. सायकलीचे मागचे चाक रोलरवर टेकवून चालवायचा हा साधा फ्लुइड ट्रेनर आहे, म्हणजे रोलरमागच्या डब्यातले तेल पेडलला रोध देते. त्याचे तपशील सगळीकडे छापलेले असल्यामुळे ते पुन्हा देत नाही. जे कोठेही छापलेले नाही तेवढेच सांगतो.

मी अचलपूर तालुक्यात शेती करतो आणि माउंटन बाइकच्या क्रॉस कंट्री प्रकारात, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या वाटांवर, स्पर्धेला उतरतो. माझा मोसम ऑक्टोबरात संपतो. दोन आठवडे सायकलीला हात न लावता काढायचे आणि मग मार्चपर्यंत दमाचा पाया घडवायचा, हा क्रम मी इतरांप्रमाणेच परदेशी वेळापत्रकांवरून उचलला. ती वेळापत्रके बर्फाच्या देशांत लिहिलेली असल्याने त्यांत हिवाळा म्हणजे घरात बसून पेडल मारणे असे गृहीत धरलेले असते. आमच्याकडे पहाटे आठ-दहा अंशांवर पारा येतो आणि दिवसभर स्वच्छ ऊन असते. वर्षभरात सायकल चालवण्यास याहून उत्तम काळ नाही. तरीही मी ट्रेनर घेतला, आणि त्याचे कारण थंडी नसून हरभरा आहे. आमच्या फीडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज असते. त्या दिवसांत तुषार संचाचे पाइप बदलण्यात रात्र जाते, दिवसा तूर कापणीला येते, कापूस वेचणीचे काटे करायचे असतात, आणि मोकळा वेळ मिळतो तो संध्याकाळी अंधार पडल्यानंतरचा. त्या वेळी धुऱ्याने किंवा जंगलाच्या कडेने सायकल चालवणे म्हणजे रानडुकरांशी गाठ घालून घेणे आहे, आणि बिबट्याचे माग आमच्या नाल्यात दर हिवाळ्यात दिसतात. वीज लागत नाही असाच ट्रेनर हवा होता, म्हणून साठ-सत्तर हजारांच्या स्मार्ट ट्रेनरचा विचारही केला नाही. खोके उघडल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला, "एका जागी सायकल चालवाले साडेसोळा हजार देल्ले काय बाप्पा?" पहिले चौदा दिवस या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण सायकल त्या ट्रेनरवर बसतच नव्हती.

आता एक्सलकडे येतो. वाचकांना हा भाग लांबलेला वाटेल, पण माझ्या मते या वस्तूचे सगळे बरेवाईट याच एका दांड्यात आहे. आजच्या बहुतेक माउंटन बाइकप्रमाणे माझ्या सायकलीला मागे १२ मिलिमीटर जाडीचा आणि १४८ मिलिमीटर हबचा थ्रू एक्सल आहे, म्हणजे चाकाच्या मधल्या हबमधून आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट होणारा दांडा. ट्रेनरची पकड मात्र जुन्या क्विक रिलीजच्या, म्हणजे खटक्याने सुटणाऱ्या बारीक एक्सलच्या, टोकांसाठी घडवलेली असते, म्हणून मूळ एक्सल काढून दोन्ही बाजूंना शंकूसारखी टोके असलेला वेगळा एक्सल घालावा लागतो. खोक्यात तो नव्हता. खोक्यावर "एमटीबीसाठी योग्य" (एमटीबी म्हणजे माउंटन बाइक) असे छापलेले होते आणि खाली बारीक अक्षरांत एक्सल वेगळा घ्यावा अशी सूचना होती. ती मी वाचली नाही, हा माझा दोष. ३,२०० रुपये भरून एक्सल मागवला. तो दहा दिवसांनी आला. बसवायला गेलो तर दीड फेरा फिरून अडकला. येथे जोर लावला असता तर डिरेलर हँगरमधील, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणाऱ्या तुकड्यातील, आटे कापले गेले असते, आणि तो हँगर आमच्याकडे तर नाहीच, नागपुरातही मागवूनच मिळतो.

थ्रू एक्सलची जाडी आणि लांबी जुळली म्हणजे काम संपत नाही, कारण आट्यांमधले अंतरही जुळावे लागते. शिमानो कंपनीच्या पद्धतीत ते १.५ मिलिमीटर असते, मॅक्सल पद्धतीत १.७५, आणि काही फ्रेममध्ये १.० मिलिमीटर. माझी फ्रेम १.५ ची आणि पाठवलेला एक्सल १.७५ चा होता. दुकानदाराला छायाचित्रे पाठवली, तेव्हा "१२ मिलिमीटर म्हणजे १२ मिलिमीटरच असतो" असे उत्तर आले. पुढे, पॅकिंग उघडल्यामुळे माल परत घेता येणार नाही, असेही कळवण्यात आले. पॅकिंग न उघडता एक्सल सायकलीत कसा घालून पाहावा, हे मी विचारले. त्याला उत्तर आले नाही.

शेवटी दोन्ही एक्सल घेऊन परतवाड्याला एका लेथवाल्याकडे गेलो. ट्रॅक्टरच्या पिना आणि फवारणी पंपांचे शाफ्ट ही त्याची रोजची कामे. त्याने दोन्ही एक्सल उजेडात धरले आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या गाडीची चुडी बारीक आहे, हा माल जाड चुडीचा आहे." चुडी म्हणजे आटे. मग टेबलाखालच्या डब्यातून टोयोटाच्या चाकाचा एक नट काढून माझ्या मूळ एक्सलवर बोटांनी फिरवला, आणि तो शेवटपर्यंत लोण्यासारखा गेला. त्या नटाचा आटाही १२ बाय १.५ चाच असतो. जी गोष्ट दुकानदाराला पाच पत्रांत पटली नाही ती येथे पाच सेकंदांत ठरली. त्याने ईएन-८ पोलादाचा दांडा कापून, दुकानाने पाठवलेल्या एक्सलच्या टोकांचा नमुना समोर ठेवून, दीड तासात नवा एक्सल करून दिला. मजुरी आणि धातू मिळून ३५० रुपये झाले. पाच महिन्यांत तो ना वाकला, ना ढिला झाला, आणि या संपूर्ण खरेदीत पैसा वसूल झाला असे मी निःशंकपणे म्हणू शकतो ती हीच एक वस्तू आहे.

आवाजाविषयी थोडक्यात. गाठींच्या टायरवर पहिल्याच संध्याकाळी घरात मळणीयंत्र सुरू झाल्यासारखा आवाज झाला आणि शेजारचे काका तूर कोणाची निघाली हे पाहण्यासाठी आले. २९ इंची चाक आणि हायब्रिड सायकलींचे ७००सी चाक यांच्या रिमचा बसण्याचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर, असल्यामुळे पुतण्याच्या जुन्या हायब्रिड सायकलीचा ३८ मिलिमीटरचा गुळगुळीत टायर माझ्या मागच्या रिमवर चढवला. तेव्हापासून आवाज टेबल पंख्याइतकाच राहिला आहे. रविवारी बाहेर जाण्यासाठी टायर बदलण्याचा कंटाळा येतो, तो मात्र कायमचा. आणखी एक सूचना केवळ कापूस पिकवणाऱ्यांसाठी आहे. भाव वाढण्याची वाट पाहत आमचा कापूस सपरीलगतच्या खोलीत पडून होता आणि त्याचे तंतू रोलरवर गुंडाळले जात होते. तासाभराच्या सरावानंतर रोलरमागचा डबा हात ठेववणार नाही इतका तापतो, हे लक्षात आल्यावर ट्रेनर त्याच दिवशी सपरीच्या दुसऱ्या टोकाला हलवला.

डिसेंबर अखेरीपर्यंत माझे मत असे होते की आपल्या हवामानात ही वस्तू निरुपयोगी आहे. दोन-दोन तासांच्या सौम्य फेऱ्या, ज्यात माणूस बोलू शकेल एवढाच श्रम अपेक्षित असतो, त्या मी भिंतीकडे तोंड करून पूर्ण करत होतो आणि मनाने शेतातच होतो. चूक ट्रेनरची नव्हती, वापराची होती. जानेवारीपासून लांब फेऱ्या केवळ रविवारच्या सकाळी रस्त्यावर करू लागलो आणि ट्रेनरवर आठवड्यातून तीनच वेळा, पन्नास मिनिटांच्या आत, नेमके तीव्र काम ठेवले. एक दिवस आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, एक दिवस तीस सेकंद जोर आणि तीस सेकंद विसावा असे बारा-बारांचे दोन संच, आणि तिसऱ्या दिवशी मिनिटाला पेडलचे साठच्या आत फेरे ठेवून जड गिअरवर चढाचा सराव. क्रॉस कंट्रीची वरिष्ठ गटाची शर्यत साधारण ८० ते १०० मिनिटांची असते आणि त्यात श्रम कधीच एका पातळीवर राहत नाही. प्रत्येक चढावर दम उखडेपर्यंत जोर लावायचा आणि उतारावर हात-पाय ताठ न होऊ देता सावरायचे. हा उखडलेला दम घड्याळ लावून, ठरलेल्या मापाने, दर आठवड्याला पुन्हा मिळवण्याची सोय आमच्या सपाट काळ्या मातीत नाही. ती सोय ट्रेनरने दिली.

फ्लुइड ट्रेनरचा एक गुण मला फार उशिरा कळला. त्याचा रोध वेगासोबत झपाट्याने वाढतो, म्हणून पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारे उपकरण) नसला तरी चाकाचा वेग हेच एक माप होते, मात्र तेल तापलेले आणि टायरची हवा तीच असली पाहिजे. मी प्रत्येक वेळी ६० पीएसआय हवा, रोलर टायरला टेकल्यानंतर घुंडीचे दोन फेरे आणि दहा मिनिटे गरम होणे असा नियम केला. नोव्हेंबर अखेरीस २० मिनिटांच्या चाचणीत सरासरी ताशी २९ किलोमीटर वेग आला होता, मागच्या १२ दात्यांच्या चक्रावर, मिनिटाला पेडलचे त्र्याऐंशीच्या आसपास फेरे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीच चाचणी २९.९ वर गेली. फरक तीन टक्क्यांचा दिसतो, पण त्या वेगाला लागणारी ताकद त्याहून बरीच अधिक वाढलेली असते. तरी आकड्यांवर माझा सहसा विश्वास बसत नाही, म्हणून पुढच्या रविवारी धामणगाव गढीपासून मोथ्यापर्यंतचा चिखलदऱ्याचा घाट चढून पाहिला. ऑक्टोबरात १ तास १६ मिनिटे लागली होती, या वेळी १ तास १२. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांच्या प्रश्नाचे उत्तर दिले, परंतु त्यांना प्रश्न आठवत नव्हता.

उणिवा लपवत नाही. पुढे एकच ३२ दात्यांचे चक्र असलेल्या सायकलीवर हा ट्रेनर चालवताना मागची सर्वांत लहान दोन-तीनच चक्रे वापरली जातात, कारण चाक हळू फिरले की रोध जवळपास नाहीसा होतो. परिणामी माझे १० दात्यांचे चक्र इतरांच्या आधी झिजणार हे निश्चित आहे. वळणे, दगडांवरून तोल, ओल्या मुरमावरचा ब्रेक यांतले काहीही येथे शिकता येत नाही, आणि जानेवारी अखेरीस एका नाल्यात उतरताना मी नवशिक्यासारखा आडवा पडलो तेव्हा त्याची प्रचिती आली. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी अर्धा तास वखरलेल्या वावरात केवळ वळणे आणि उड्या करतो. ताकदीच्या व्यायामाला ट्रेनरचा उपयोग नाही. ते काम मी युरियाच्या गोणीवर भागवले. ती आता ४५ किलोची येते, त्यामुळे छातीशी धरून बैठका मारण्यास पूर्वीच्या ५० किलोच्या गोणीपेक्षा सोयीची आहे. युरियाविषयीची माझी एवढीच प्रशंसा समजावी.

मग तेल गळले. आठ मिनिटांच्या तिसऱ्या तुकड्यात रोध अचानक कमी झाला, पाय मोकळे फिरू लागले, आणि खाली पाहिले तर फरशीवर डाग. फ्लुइड ट्रेनरच्या शाफ्टचे सील जाणे ही या जातीची ओळखीची व्याधी आहे, आणि वर्षभराची हमी असल्याने मी निर्धास्त होतो. दुकानदाराने छायाचित्रे मागवली. छायाचित्रांत लेथवरचा एक्सल दिसत होता. उत्तर आले की अनधिकृत एक्सल वापरल्यामुळे हमी रद्द झाली आहे. जो एक्सल त्यांनी चुकीचा पाठवला आणि परत घेतला नाही, त्याच्या जागी योग्य एक्सल करून घेतला म्हणून रोलरच्या आतले सील फुटले, असा हा युक्तिवाद होता. एक्सल सायकलीला आणि पकडीला जोडलेला असतो. तेलाच्या डब्याशी त्याचा संबंध बैलाच्या शिंगाचा नांगराच्या फाळाशी असतो तेवढाच. हे मी सभ्य भाषेत दोनदा लिहिले. तिसऱ्या वेळी काहीही न लिहिता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, सोबत खोक्यावरच्या "एमटीबीसाठी योग्य" या ओळीचे छायाचित्र आणि दोन्ही एक्सलांचे पिच गेजवर (आट्यांमधले अंतर मोजण्याच्या पट्टीवर) घेतलेले माप जोडले. चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला आणि केवळ रोधाचा डबा बदलून देण्याचे मान्य झाले. नवा डबा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला. त्याचा आवाज पहिल्यापेक्षा किंचित अधिक आहे, तेल अजून तरी गळलेले नाही, आणि चाचणीचे जुने आकडे त्यावर लागू पडत नसल्याने मला नवे मोजमाप सुरू करावे लागले आहे.

घ्यावा की नाही, असे विचारणाऱ्यांनी आधी आपल्या सायकलीचा मागचा एक्सल काढावा आणि त्यावर कोरलेले आकडे वाचावेत. अनेकांवर जाडी, लांबी आणि आटे हे तिन्ही लिहिलेले असतात. विक्रेत्याने या तिन्हींचे उत्तर लेखी दिले तरच पैसे भरावेत. ज्यांना संध्याकाळी रस्ता मिळतो त्यांनी हे पैसे टायर आणि ब्रेक पॅडवर खर्च करावेत; आपल्याकडचा हिवाळा भिंतीसमोर घालवण्याजोगा नाही. ज्यांचे ओलित रात्री असते त्यांनी मात्र जरूर घ्यावा, परंतु आठवड्यात तीन वेळांच्या वर आणि तासाभराच्या पुढे चालवू नये. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जाईल तेव्हा, टिनाखालच्या सपरीत हा ट्रेनर कितपत सहन होतो ते पाहून या लेखात भर घालीन.

बिघडलेला डबा दुकानापर्यंत पाठवण्याचा ५८० रुपयांचा कुरिअर खर्च अद्याप परत मिळालेला नाही. त्यासाठी मी दर सोमवारी एक पत्र पाठवतो. आतापर्यंत तीन झाली आहेत, आणि प्रत्येकाला पावतीची प्रत जोडलेली आहे.