रो-रो, कंटेनर की सुटे भाग: चाकणची विद्युत मोटारगाडी परदेशी पाठवताना

चाकणमध्ये तयार झालेली विद्युत मोटारगाडी परदेशी पाठवायची तर उत्पादकापुढे तीन मार्ग असतात: ती चालवत थेट जहाजात चढवायची (यालाच रो-रो, म्हणजे रोल-ऑन रोल-ऑफ म्हणतात), कंटेनरमध्ये बंद करून पाठवायची किंवा सुटे भाग धाडून तिकडेच जुळवणी करायची. बहुतेक बैठकांत हा निर्णय गाडीमागे भाडे किती पडते एवढ्यावरच होतो आणि चूक तिथेच होते. गाडी वाटेत किती दिवस उभी राहते, हा हिशोब भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपच्या फेरीत साधारण १० ते १४ दिवसांची भर पडली, तेव्हा हे अनेकांच्या ध्यानात आले.

रो-रो जहाजाचे गणित संख्येवर चालते. बीवायडी या चिनी वाहन कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये युरोपकडे रवाना केलेल्या जहाजाची क्षमता ७,००० गाड्यांची होती. आपल्याकडे मारुती सुझुकीने ऑगस्ट २०२५ मध्ये पिपावाव बंदरातून २,९०० हून अधिक ई-विटारा युरोपातील १२ देशांना पाठवल्या. एवढा माल हाताशी असेल तर रो-रोला तोड नाही. चाकणच्या उत्पादकाला मात्र गाड्या मुंबई बंदरात आणताना शहरातील अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि जहाज लांबले की त्या यार्डात उन्हात तिष्ठत राहतात. अशा वेळी दगा देते ती मोठी बॅटरी नव्हे, तर छोटी १२ व्होल्टची. ती उतरली की मोठ्या बॅटरीत पुरेसा चार्ज असूनही गाडी जागची हलत नाही आणि कोणाला तरी जम्प स्टार्टरचा डबा घेऊन रांगेतून फिरावे लागते.

कंटेनरची अडचण जागेची. चाळीस फुटी हाय-क्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा उंच कंटेनर, आतून सुमारे १२ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. रॅकवर काही गाड्या तिरक्या चढवल्या तर तीन-चार मावतात, पण १.८ मीटर रुंदीची गाडी आत नेल्यावर दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा मीटर उरतो. दार पुरते उघडत नाही, म्हणून चालकाला खिडकीतून बाहेर यावे लागते. पहिली भरती नवख्या माणसांकडून करवून घेऊ नये. त्या बदल्यात कारखान्यातच माल भरून सील लागते, न्हावा शेव्याहून कंटेनरच्या फेऱ्या पुष्कळ असतात आणि विक्रेत्याला हव्या तेवढ्या सहा-आठ गाड्याही पाठवता येतात.

आगीची भीती दोन्हींकडे आहे. रो-रोत पेटलेली गाडी शेजारच्यांना घेऊन जाते, तर बंद कंटेनरमधील आगीपर्यंत पाणी पोहोचवणे अवघड. २०२३ मध्ये ‘फ्रीमँटल हायवे’ हे गाड्यांचे जहाज पेटले तेव्हा दोष लगेच विद्युत गाड्यांवर आला. प्रत्यक्षात खालच्या चार डेकवर सुमारे १,००० गाड्या शाबूत सापडल्या आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास विद्युत होत्या. तरीही वाहक कंपन्या चार्जची मर्यादा घालतात, ती आधीच विचारून घ्यावी. लिथियम-आयन गाड्यांसाठी यूएन ३१७१ ऐवजी यूएन ३५५६ हा धोकादायक मालाचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक सागरी वाहतुकीत १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाला आहे. जुन्या घोषणापत्राची नक्कल पुढे सरकवली तर माल बंदरातच अडकतो.

सुटे भाग पाठवण्याचा मोह तयार गाडीवर मोठे आयात शुल्क असलेल्या देशांत होतो. तिथे तो रास्तही आहे, पण सुटी बॅटरी हा यूएन ३४८० खाली येणारा स्वतंत्र धोकादायक माल ठरतो. तिचे वेष्टन आणि यूएन ३८.३ या लिथियम बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा अहवाल वेगळा लागतो, म्हणून वाचलेल्या शुल्कातून हा खर्च वजा करूनच आकडा पाहावा.

महिन्याला शंभरच्या आत गाड्या जाणार असतील तर माझा कौल कंटेनरला आहे. रो-रोकडे वळायचे झाल्यास दरपत्रक मागवताना दोन प्रश्न लेखी विचारावेत: यार्डात फुकट किती दिवस मिळतात आणि त्या काळात १२ व्होल्टची बॅटरी कोण तपासणार.