समतोलाच्या सीलबंद नळ्या: माल झकास, सोबतचा कागद भंगार (५ पैकी ४ स्टार)

केमिकल इक्विलिब्रियम, म्हणजे रासायनिक समतोल (क्रिया दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालते आणि प्रमाण स्थिर राहतं), शिकवायला हा नायट्रोजन डायऑक्साइडच्या सीलबंद काचेच्या नळ्यांचा सेट घेतला, तीन नळ्या, तिन्हीत सारखाच गॅस. एक तशीच ठेवायची, एक बर्फाच्या पाण्यात, एक चांगल्या गरम पाण्यात. बर्फातली बघता बघता फिकट पिवळी पडते, गरमातली गडद तपकिरी, आणि जागा बदलल्या की रंगही बदलतात, कितीही वेळा करा. पोरं आपणहून विचारतात की नळी बंद आहे तर गॅस गेला कुठे!

जात कुठेच नाही. तपकिरी एनओटूचे (म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडचे) दोन रेणू जोडून एनटूओफोरचा एक रंगहीन रेणू होतो, त्यात मोलमागे साधारण ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून थंडीत जोड्या जमतात आणि तापवलं की फुटतात. आता कुणी हुशार म्हणेल की बंद नळी तापली की प्रेशरही वाढतं, त्याने उलट जोड्या जमायला पाहिजेत (जोडीत रेणूंची संख्या कमी होते), बरोबर आहे, पण तापमानाचा जोर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रंग प्रत्येक तापमानाला वेगळ्या पण ठरावीक जागी येऊन थांबतो, मग तासभर ठेवा नाहीतर दिवसभर, त्यामुळे ‘गरम केलं म्हणून फक्त स्पीड वाढला’ हा नेहमीचा गैरसमज तिथल्या तिथे निघतो.

एक स्टार कापला तो माहितीच्या कागदापायी. त्यात लिहिलंय ‘तापमान वाढवल्यास समतोल उजवीकडे सरकतो’. अहो, पण वरच्याच ओळीत एनओटू डावीकडे लिहिलाय ना तुम्ही! मग सरकणार डावीकडेच. ऊष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या, बाजूला सरकतो एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. समतोल स्थिरांकाबद्दल (समतोलात दोन्ही बाजूंचं प्रमाण किती ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल) तर अवाक्षर नाही, म्हणजे प्रेशर किंवा कॉन्सन्ट्रेशन बदललं तरी तो तोच राहतो, कॅटॅलिस्टनेही (क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थानेही) हलत नाही, बदलतो फक्त तापमानाने. तापमानाने समतोल कुठे सरकतो हे ले शाटेलिए आणि व्हॅन्ट हॉफ या दोन्ही रसायनशास्त्रज्ञांनी १८८४ मध्येच मांडलेलं आहे, छापायला एक ओळ पुरली असती.

काच जाड आहे पण गरमातून काढून लगेच बर्फात घालू नका, आधी जरा निवू द्या, तडकली तर आतला गॅस विषारी आहे. त्यामुळे लॅबसाठी बिनधास्त घ्या, घरी मुलांच्या हातात द्यायला नको.