लगद्याच्या गव्हाणीचा संच, तीन वर्षांच्या मुलीच्या हाती

वसईतल्या आमच्या घरचा नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, दरवर्षी थोडा मोठाच होत गेला होता: पेंढ्याचे छप्पर, आरशाचे तळे, दिव्यांच्या माळा आणि सासऱ्यांच्या काळापासून जपलेल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती. मुलगी चालू लागल्यापासून मात्र त्या गोठ्यापाशी ‘हात लावू नकोस’ याखेरीज दुसरे वाक्यच कोणी बोलेना. म्हणून गेल्या नाताळात तो सगळा पसारा माळ्यावरच ठेवला आणि तिला मोकळेपणाने हाताळता येईल असा, कागदाच्या लगद्याचा अकरा नगांचा एकच लहान संच येथील एका दुकानातून ८५० रुपयांना घेतला.

वजनाला हा संच अतिशय हलका आहे आणि ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल, कारण येशूचा पालक पिता योसेफ किमान वीस वेळा फरशीवर आपटला, तरी त्याच्या काठीच्या टोकाचा रंग उडण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. येशूची आई मारिया आणि योसेफ साधारण पाच इंचांचे असल्यामुळे लहान मुठीत नीट मावतात. मेंढरू मात्र अंगठ्याएवढेच असून सहज तोंडात जाईल असे असल्याने ते आम्ही पहिल्याच दिवशी काढून घेतले. ओल्या हाताने धरल्यास गाईचा तपकिरी रंग बोटांना लागतो, आणि रंग कोणता वापरला आहे याचा खोक्यावर उल्लेखही नाही. मुलांसाठी घेणाऱ्याने हा दोष किरकोळ समजू नये.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या संचात बाळ येशू गव्हाणीला कायमचा चिकटवलेला आहे. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे चारही रविवार गव्हाणी रिकामी ठेवायची, रोज संध्याकाळी मुलीने तीत पेंढ्याची एक काडी टाकायची आणि २४ डिसेंबरच्या रात्री तिच्याच हाताने बाळाला निजवायचे, एवढाच आमचा बेत होता. आणि ज्याने हा संच घडवला त्याला ही वाट पाहण्याची गोष्ट ठाऊकच नसावी, असे वाटते. शेवटी मी पातळ सुरीने बाळाला सोडवले. पाठीचा थोडा लगदा निघून आला, पण पेंढ्यात निजवल्यावर तो दिसत नाही. दुकानदाराने सुटे बाळ असलेला संच नसल्याचे सांगितले.

बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तिन्ही राजे सुटे आहेत, हे त्यातल्या त्यात बरे. (मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची संख्या दिलेली नाही, त्यांनी आणलेल्या तीन भेटवस्तूंवरून ती रूढ झाली.) त्यांना आम्ही स्वयंपाकघरातल्या फळीवरून रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला, म्हणजे त्यांच्या सणाला, गोठ्यापाशी पोहोचवले, आणि या प्रवासात मुलगी जितकी रमली तितकी ती दिव्यांच्या माळेत कधीच रमली नव्हती. बशीत पेरलेली नाचणी दहा-बारा दिवसांत बोटभर वाढली, तेवढीच काय ती सजावट. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा गोठा फारच सुना वाटला. परंतु असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे मांडलेल्या गव्हाणीतही गवत, बैल आणि गाढव एवढेच होते, असे मी त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही.

चार वर्षांखालील मूल घरात असेल तर रंगाची आणि मेंढराची काळजी घेऊन हा संच जरूर घ्यावा. मात्र विकत घेण्यापूर्वी खोका उघडून बाळ सुटे आहे की नाही, ते आधी पाहावे. पावसाळ्यापूर्वी मूर्ती प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, कारण आमच्या दमट हवेत लगद्याला बुरशी लवकर धरते आणि सोबतचा पुठ्ठ्याचा खोका त्यासाठी अजिबात पुरेसा नाही.